लाल अधिक निळा बरोबर चिखल

मागच्या रविवारी मुलुंडला मावसबहिणीकडे गेलो होतो. तिची मुलगी नववीत आहे, यंदा इंटरमिजिएटला बसणार. डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून ती संकल्पचित्र रंगवत होती. कागदाच्या मधोमध एक मोठं फूल, आणि पाकळ्यांचा रंग ओल्या चिखलासारखा. मी सहज विचारलं, "हे कुठलं गं फूल?" ती म्हणाली, "मामा, ते जांभळं आहे." आणि रडायलाच लागली.

तिनं तो रंग तीनदा कालवला होता. क्लासच्या वहीत चौकट करून सूत्र लिहिलेलं आहे: लाल + निळा = जांभळा. तिन्ही वेळा चिखल झाला. क्लासमध्ये दाखवलं तर ऐकून घ्यावं लागलं, की ब्रश नीट धूत नाहीस, आणि मुळात रंगांचा सेन्स असावा लागतो.

हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. आठवीत एलिमेंटरीच्या वेळी मलाही असंच सांगितलं होतं. वेगळा क्लास, वेगळे सर, वाक्य तेच. मी ते खरं मानलं आणि ब्रश ठेवून दिला. पुढे इंजिनीअरिंग केलं, आता अंधेरीत एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. ब्रश ठेवला म्हणून एक महान चित्रकार हरपला असं अजिबात नाही. पण तेराव्या वर्षी एका पोराला 'तुला डोळा नाही' असं सांगितलं गेलं, आणि ज्या पुराव्यावर सांगितलं गेलं तो पुरावाच खोटा होता, याचा राग मला आता येतोय. कारण त्या रविवारी मी भाचीच्या बाटल्यांवरची नावं वाचली. ब्रश स्वच्छ होता. सूत्र चुकीचं होतं.

चिखलाचं कारण

तिच्याकडचा लाल होता स्कार्लेट आणि निळा होता प्रशियन ब्ल्यू.

स्कार्लेट हा नारिंगीकडे झुकणारा लाल. तो लाल आणि थोडा नारिंगी प्रकाश परत पाठवतो, निळा गिळून टाकतो. प्रशियन ब्ल्यू हिरव्याकडे झुकणारा निळा. तो निळा आणि थोडा हिरवा परत पाठवतो, लाल गिळतो. दोघं एकत्र कालवले की एकानं सोडलेलं दुसरा गिळतो. कागदावरून डोळ्यापर्यंत फारसं काही पोचतच नाही. त्याला आपण काळपट, तपकिरी, चिखल म्हणतो. यात सेन्सचा काही संबंध नाही, ही सरळ वजाबाकी आहे.

आता स्कार्लेटऐवजी क्रिमसन घ्या. हा लाल जांभळ्याकडे झुकतो, म्हणजे थोडा निळाही परत पाठवतो. प्रशियनऐवजी अल्ट्रामरीन घ्या, तोही जांभळ्याकडचा निळा. या दोघांच्या वजाबाकीत जांभळं शिल्लक राहतं. भाचीच्या डब्यात दोन्ही बाटल्या होत्या. त्या वापरायचं तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण सूत्रात फक्त 'लाल' आणि फक्त 'निळा' होता. बरे पोस्टर कलर घ्या, बाटलीवर नुसतं 'लाल' सहसा लिहिलेलं नसतं. बाटली खरं बोलते, वही खोटं बोलते, आणि आपण पोरांना वही पाठ करायला लावतो.

तीन मूळ रंग कुणी ठरवले?

लाल, पिवळा, निळा हे प्राथमिक रंग, ते कशातूनही तयार होत नाहीत आणि त्यांच्यापासून बाकी सगळे होतात. हे वाक्य आपल्याकडे गुरुत्वाकर्षणासारखं सांगितलं जातं. त्याच्यामागे एक कामाची कृती आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जेकब ल ब्लाँ नावाच्या माणसानं तीन प्लेटांवर हे तीन रंग चढवून रंगीत चित्रं छापून दाखवली. छपाईसाठी हा मोठा शोध होता. पण कृती म्हणजे नियम नव्हे. आमच्या घरी आमटीत गूळ घालतात, म्हणून गूळ हा आमटीचा मूलभूत घटक होत नाही.

न्यूटननं १७०४ च्या 'ऑप्टिक्स'मध्ये रंगांचं वर्तुळ काढलं त्यात सात रंग होते, तीन नव्हे. पुढे १८०२ मध्ये थॉमस यंगनं सुचवलं, की 'तीन' हा आकडा रंगात नसून आपल्या डोळ्यात आहे: डोळ्यात तीन प्रकारचे ग्राहक असावेत. हेल्महोल्ट्झनं १८५२ मध्ये स्पष्ट केलं, की प्रकाश मिसळणं ही बेरीज आहे आणि रंगद्रव्य मिसळणं ही वजाबाकी, आणि दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. मॅक्सवेलनं १८६१ मध्ये लाल, हिरवा आणि निळा अशा तीन फिल्टरमधून घेतलेले फोटो पडद्यावर एकावर एक टाकून रंगीत चित्र उभं केलं. तुम्ही हा लेख ज्या स्क्रीनवर वाचताय ती त्याच तत्त्वावर चालते. तिच्यात पिवळा ठिपका नाही. पिवळं दिसतं ते लाल आणि हिरवा शेजारी शेजारी पेटल्यामुळे. आणि घरातला प्रिंटर उघडून बघा: सायन, मजेंटा, यलो आणि काळा. लाल आणि निळ्याचं काड्रिज सापडणार नाही.

मुंबईतलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं १८५७ मध्ये. म्हणजे मुंबईत कलाशिक्षणाची पहिली मोठी शाळा उघडली तेव्हा बेरीज आणि वजाबाकीचा हा फरक पाच वर्षं जुना होता. आज पावणेदोनशे वर्षं होत आली. मुलुंडमधल्या नववीच्या वहीत तो अजून पोचलेला नाही.

आपल्या उपनगरातलंच उदाहरण घ्या. राजा रविवर्म्याचा शिळाप्रेस १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि काही वर्षं घाटकोपरला होता, नंतर मळवलीला गेला. घरोघरच्या भिंतींवर लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या तिथून. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. कारागिरांनी 'तीन मूळ रंगांतून सगळं होतं' यावर विसंबून तीन दगडांत काम उरकलं नाही. त्वचेचा फिका रंग वेगळा, सावलीचा वेगळा, पदराचा वेगळा, असे दगडावर दगड चढवत गेले. घाटकोपरच्या कारागिराला सव्वाशे वर्षांपूर्वी जे हातानं माहीत होतं, ते त्याच घाटकोपरच्या क्लासमध्ये आज कुणी तोंडानं सांगत नाही.

छटा, छटा आणि छटा

चुकीचं सूत्र हा अर्धाच गुन्हा. दुसरा अर्धा शब्दांचा आहे.

भाचीच्या वहीत 'छटा' हा शब्द चार अर्थांनी आलाय. लाल, निळा, हिरवा या रंगांच्या छटा. पांढरा घातला की उजळ छटा. काळा घातला की गडद छटा. आणि करडा घातला की मंद छटा. इंग्रजी माध्यमातल्या पोरांकडे निदान ह्यू, टिंट, शेड, टोन असे चार शब्द असतात. तेही ते घोकतातच, पण चार गोष्टी वेगळ्या आहेत एवढं तरी कळतं. आपल्या पोरांना चारही ठिकाणी एकच शब्द देऊन वर म्हणायचं, की छटा समजत नाही का?

खरं तर टिंट, शेड, टोन याही कृतीच आहेत: पांढरा घाला, काळा घाला, करडा घाला. त्यानं रंगाचं नक्की काय झालं ते कळत नाही. लालमध्ये पांढरा घातला की तो उजळ होतो, पण त्याच वेळी त्याचा जोरही कमी होतो. एका चमच्यात दोन बदल. पिवळ्यात काळा घातला की तो गडद होतो आणि शिवाय शेवाळी हिरवा दिसायला लागतो. स्थिरचित्रातल्या लिंबाला 'सावली म्हणजे काळा' या नियमानं सावली दिली की लिंबू सडल्यासारखं दिसतं ते यामुळे. माझं दिसलं होतं.

अल्बर्ट मन्सेल हा बॉस्टनमधला चित्रकार आणि कलाशिक्षक. वर्गात रंगांबद्दल नीट बोलता यावं म्हणून त्यानं १९०५ मध्ये एक छोटं पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं साधं होतं. कुठल्याही रंगाला तीन प्रश्न विचारा. एक, हा कुठला रंग? दोन, किती उजळ किंवा गडद? तीन, किती भडक किंवा मंद? तीन उत्तरं मिळाली की रंगाचा पत्ता मिळाला. जसं घरासाठी रस्ता, इमारत आणि मजला. आज जगभरचे मृदाशास्त्रज्ञ शेतातल्या मातीचा रंग मन्सेलच्या पट्ट्यांशी ताडून याच तीन उत्तरांत लिहितात. शिक्षकानं विद्यार्थ्यांसाठी केलेली गोष्ट मातीवाल्यांनी उचलली. चित्रकलेचे आपले क्लास मात्र अजून 'गरम रंग, थंड रंग' यावर अडलेत.

मॅचिंग सेंटरमधली थिअरी

आता कुणी म्हणेल, हे तीन प्रश्न परदेशी आहेत, मराठीत शब्द कुठायत? हा आक्षेप ऐकला की मला आई आठवते.

लहानपणी तिच्याबरोबर मॅचिंग सेंटरमध्ये ताटकळत उभं राहणं ही माझी दर सणाची शिक्षा होती. भिंतभर ब्लाउजपीसचे गठ्ठे, काउंटरवर साडीचा पदर पसरलेला. दुकानदार म्हणायचा, "ताई, सेम टू सेम." आई म्हणायची, "नाही हो भाऊ, रंग तोच आहे पण हा फार भडक. जरा मळका दाखवा." दुसरा यायचा. "आता मळका बरोबर आहे, पण फिका झाला. एक शेड गडद द्या." तिसरा यायचा. "हा डाळिंबीकडे जातोय, मला राणीकडचा हवा." शेवटी दोघंही कापड घेऊन दुकानाबाहेर जायचे, कारण ट्यूबलाइटमध्ये जुळलेले दोन कपडे उन्हात वेगळे निघतात हे दोघांना माहीत होतं.

त्या संवादात मन्सेलचे तिन्ही प्रश्न आहेत. भडक की मळका, फिका की गडद, डाळिंबी की राणी. आणि एकात एक न मिसळता. आईनं रंगचक्र कधी पाहिलेलं नाही. बाहेर उजेडात जाऊन बघणं हे तर रंगशास्त्रातलं वरच्या वर्गाचं प्रकरण आहे: दोन वेगळी रंगद्रव्यं एका दिव्याखाली सारखी आणि दुसऱ्याखाली वेगळी दिसू शकतात.

मराठी या बाबतीत गरीब नाही, चांगली श्रीमंत आहे. रंगाच्या नावांची तर आपल्याकडे अख्खी मंडई आहे: पोपटी, शेवाळी, मोरपंखी, चिंतामणी, आमसुली, अबोली, गुलबक्षी, विटकरी, पारवा. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे भाषा रंगाचं माप शब्दातच घालते. पिवळाधमक, लालभडक, हिरवागार, निळाशार: हा रंगाचा पूर्ण जोर. पिवळसर, तांबूस, हिरवट: इथे तो नुसता झुकाव उरला. मळकट, मातकट: जोर गेला, करडा शिरला. काळपट म्हणजे गडदाकडे, पांढरट म्हणजे उजळाकडे. ही मोजपट्टी प्रत्येक मराठी पोराला शाळेत जाण्याआधी तोंडपाठ असते. चित्रकलेच्या तासाला ती दप्तरात ठेवायला सांगतात.

म्हणून माझं भांडण दोन्ही बाजूंशी आहे. एक बाजू म्हणते, इंग्रजी संज्ञाच हव्यात, जागतिक भाषा आहे. दुसरी बाजू म्हणते, शुद्ध मराठी हवी, आणि 'संपृक्तता' हातात देते. संपृक्त हा शब्द आम्हाला रसायनशास्त्रात मिठाच्या द्रावणासाठी भेटला होता. रंग मळकट झालाय हे सांगायला चौदा वर्षांच्या मुलीला मिठाचं द्रावण कशाला? दोन्ही बाजूंना एकच गोष्ट मान्य आहे: आईचा शब्द वर्गात चालणार नाही. मला नेमकं तेच मान्य नाही.

याची किंमत कोण मोजतं?

एक दिवस ऑफिसात आमच्या ॲपच्या स्क्रीनवर चर्चा चालली होती. डिझायनर कला महाविद्यालयातून आलेली, हुशार. तिनं 'झालं' साठी हिरवा ठिपका आणि 'अडलं' साठी लाल ठिपका ठेवला होता. विरोधी रंग आहेत, लगेच वेगळे कळतील, हे तिचं म्हणणं. टीममधला एक जण शांतपणे म्हणाला, "मला दोन्ही सारखेच दिसतायत." त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. पुरुषांमध्ये हे अजिबात दुर्मीळ नाही. आम्ही स्क्रीन कृष्णधवल करून पाहिली तर दोन्ही ठिपके एकाच करड्या रंगाचे. चक्रावर ते समोरासमोर होते, पण उजळपणा तंतोतंत सारखा. तिला विरोधी रंगाची व्याख्या पाठ होती. 'किती उजळ?' हा प्रश्न विचारायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

आम्ही इंजिनीअरही फार शहाणे नाही, हे कबूल करतो. रंग निवडायची आमची एक लोकप्रिय पद्धत आहे, एचएसएल नावाची. ती सांगते, की शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा या दोघांचा उजळपणा ५० टक्के. पांढऱ्या पानावर दोन्हींत एक एक ओळ लिहा आणि वाचून दाखवा. निळी ओळ सहज वाचाल, पिवळी सापडणारही नाही. डोळ्याला जाणवणारा स्क्रीनचा उजळपणा मोजायचं प्रमाणित सूत्र वेगळं आहे: त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७. या हिशोबानं पिवळा निळ्याच्या बारा-तेरा पट उजळ ठरतो. वेबसाइटवरची साधी अक्षरं आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ असं गुणोत्तर असावं, हा आंतरराष्ट्रीय दंडक याच सूत्रावर उभा आहे. आईनं एवढंच म्हटलं असतं, "पांढऱ्यावर पिवळं दिसत नाही रे."

तेव्हा संज्ञा हा कलाशाखेचा खासगी मामला नाही. त्या वर्गातून निघालेली मुलं तिकिटाची ॲप, औषधांची खोकी, स्टेशनवरच्या पाट्या रंगवणार आहेत. रोज मुलुंड ते घाटकोपर लोकल आणि घाटकोपर ते अंधेरी मेट्रो करणारा मी, त्यांच्याच रंगांवर विसंबून चालतो.

आक्षेप

पहिला आक्षेप: लहान मुलांना एवढं कळणार नाही. पहिलीतल्या मुलाला लाल-पिवळा-निळा जरूर द्या, खेळू द्या. पण 'यातून बरेच रंग होतात' म्हणा, 'सगळे होतात' म्हणू नका. एका शब्दाचा बदल आहे. कुठल्याही तीन बाटल्यांतून सगळे रंग होत नाहीत.

दुसरा: परीक्षेला हेच लागतं. मुळीच नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला कला संचालनालय व्याख्या लिहायला सांगत नाही, रंगवायला सांगतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. तिथे चिखलाचं जांभळं आणि सडलेलं लिंबू सरळ कागदावर दिसतं. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला ए ला ७, बी ला ५, सी ला ३ असे वाढीव गुण आहेत. गुणांसाठीच शिकवायचं असेल तरीसुद्धा चुकीचं सूत्र परवडणारं नाही.

तिसरा आक्षेप खरा आहे: मोठमोठे चित्रकार याच तीन रंगांवर शिकले, त्यांचं काय बिघडलं? काही नाही बिघडलं. त्यांनी वर्षानुवर्षं रंग कालवून सूत्र हातानं दुरुस्त केलं. पण जे टिकले त्यांचीच नावं आपल्याला माहीत आहेत. तिसऱ्या चिखलानंतर ब्रश ठेवून गेले त्यांची यादी कुठेच नाही. त्या यादीत मी आहे, आणि त्या रविवारी आणखी एक नाव तिथे जाणार होतं.

मागणी फार नाही. 'लाल' म्हणण्याआधी बाटलीवरचं नाव वाचायला लावा. सूत्राऐवजी डब्यातल्या प्रत्येक दोन रंगांचं मिश्रण एका कागदावर पोरांना स्वतः करू द्या. एका दुपारचं काम आहे. 'छटा' हा शब्द वर्षभर सुट्टीवर पाठवा आणि तीन प्रश्न विचारा: कुठला, किती गडद, किती भडक. काढलेल्या चित्राचा फोटो घेऊन फोनवर कृष्णधवल करून बघा. फोन तसाही सगळ्यांच्या हातात असतोच. आणि पोराचा रंग बिघडला तर आधी बाटली तपासा, मग पोराला बोला.

त्या दिवशी भाचीनं क्रिमसन आणि अल्ट्रामरीन कालवला. जांभळा झाला. मी जरा जास्तच खूश झालो. ती मात्र बराच वेळ त्या थेंबाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पण मामा, मला तो आधीचा पण हवाय. देठाला चांगला दिसेल."

मी चिखलाची वाटी तिच्याकडे सरकवली.